येतो म्हण

मावशींनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. रडायचं नाही, आणि पोरांना ‘जातो’ म्हणू द्यायचं नाही.

मावशी म्हणजे गल्लीत कपडे शिवून देणाऱ्या. पोरं म्हणजे परदेशातून धर्मप्रचाराला आलेले दोन मिशनरी. एक ताडमाड, म्हणून लंबू, आणि दुसरा चष्म्या. पहिल्या दिवशी त्यांनी दार वाजवलं तेव्हा मावशी कात्री घेऊनच बाहेर आल्या आणि त्यांनी दोघांना पिटाळलं. दुसऱ्या दिवशी स्वाऱ्या पुन्हा हजर! आपल्याला तोडीस तोड हट्टी कुणी भेटलं, हे मावशींना मनातून आवडलं. त्यांचा देव काही मावशींनी घेतला नाही, पोरं मात्र घेतली. त्यांच्या झिजलेल्या कॉलरी उलटवून दिल्या, त्यांना भाषा शिकवली, चुकले की कान उपटले. लंबू येता-जाता चौकटीवर कपाळ आपटायचा. त्याबद्दलही तोच बोलणी खायचा.

आज त्यांची इथली मुदत संपली. दारात टॅक्सी उभी होती.

“मावशी, जातो,” लंबू म्हणाला.

“जातो नाही. येतो म्हण.”

“पण मी तर जातोय!”

“अरे दगडा, निघताना येतोच म्हणतात.”

“परत येईन की नाही, मला माहीत नाही. मग ते खोटं होईल.”

चष्म्या शहाणा. “येतो हं मावशी,” म्हणून तो टॅक्सीत जाऊन बसलासुद्धा. लंबू हटेना. मावशीही हटेनात, दार अडवून उभ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा नोकरीसाठी परगावी निघताना घाईत ‘जातो’ म्हणाला होता, आणि तो गेलाच. आता फोन येतो, मुलगा येत नाही. हे त्या कुणाला सांगत नसत. आताही सांगितलं नाही.

“एक शब्द बोलायला काय जातं रे तुझं?”

“शब्दच जातो, मावशी. दिला की पाळावा लागतो.”

टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मावशी बाजूला झाल्या.

“जा मग!”

तोंडातून निसटलंच. जो शब्द त्याला बोलू द्यायचा नव्हता, तो त्या स्वतःच बोलून बसल्या. टॅक्सी निघाली. त्या मशीनपाशी येऊन बसल्या, पण सुईत दोरा काही जाईना.

कोपऱ्यावर ब्रेक करकरले. धावती पावलं ऐकू आली, मग चौकटीवर धाडकन कपाळ.

“येतो, मावशी,” लंबू कपाळ चोळत म्हणाला.

“आता नाही का ते खोटं?”

“नाही. आता ठरवलं.”

मावशींना नुसती बोलण्याची रीत हवी होती, आणि हे वेडं पोर खराखुरा शब्द देऊन बसलं. मावशींचे डोळे वाहायला लागले. सकाळचा अर्धा बेत तिथेच मोडला.

“ये,” त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी सुताराला बोलावून घेतलं. दाराची चौकट वीतभर उंच करायची म्हणाल्या.

सुताराने घरात डोकावून पाहिलं. “एवढं उंच कोण आहे तुमच्याकडे?”

“यायचाय,” मावशी म्हणाल्या. “तू माप घे.”