अमेरिकेचा डबा आणि सोलापूरचं ऊन

खरं तर मी हे सांगायला नको होतं. "कुणाला काही बोलायचं नाही हं," असं आनंदीने मला फडक्याने पुसता पुसता बजावलं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. तसं मला पोटच नाही म्हणा. मी एक लांब, सडपातळ पट्टी आहे. गाडीच्या इंजिनात ऑइल किती आहे, ते माझ्याकडे बघून कळतं. गॅरेजमध्ये मला डिपस्टिक म्हणतात. माझ्या अंगावर दोन खुणा आहेत. ऑइल त्या खुणांच्या मध्ये असलं की सगळे खूश, खाली गेलं की सगळ्यांचे चेहरे पडतात. एवढा मान घरात दुसऱ्या कुणाला असतो?

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एका साहेबांनी मला वाकवून बघितलं, तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या की मी टुण्णकन सरळ झाले. त्यांना वाटलं, माल पक्का आहे. मग मला एका छोट्या पांढऱ्या गाडीच्या नळीत बसवलं.

आमचे पहिले मालक डॉक्टर होते. ते जगाची तब्येत तपासायचे, पण मला त्यांनी कधी बाहेर काढलंच नाही. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या कपासारखी मी वर्षानुवर्षं आत बसून होते.

मग बिबवेवाडीच्या केदारने गाडी घेतली आणि माझे दिवस फिरले. केदार बँकेत नोकरीला. दर रविवारी सकाळी तो बनियनवर खाली यायचा, बॉनेट उघडायचा आणि मला बाहेर काढून उन्हात धरायचा. काही बघायचं नसलं तरी बघायचा. शेजारी जमले की मला तलवारीसारखी उंच करायचा. मग ऑइल ओघळून थेट त्याच्या काखेत जायचं आणि मला हसू आवरायचं नाही.

तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. केदारचा धाकटा भाऊ श्यामसुंदर असाच एक क्लास करून अमेरिकेत गेला होता, तोही गुडघाभर बर्फ पडतो अशा गावात. सुट्टीवर येताना त्याने सगळ्यांना चॉकलेटं आणली आणि आमच्या गाडीला ऑइलचे दोन मोठे डबे. विमानातून कसे आणले, कोण जाणे. डब्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. केदारने ते डबे दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवले.

गॅरेजवाल्या वैजनाथने डबा फिरवून वाचला. "ऑइल चांगलंय," तो म्हणाला. "आता गाडीही अमेरिकेला पाठवा."

मग त्याने समजावलं, की हे थंडीतलं पातळ ऑइल आहे. आपल्याकडे उन्हाळा कडक, त्यात इंजिन जुनं. तापल्यावरसुद्धा ऑइलला थोडा दाटपणा उरला पाहिजे, नाहीतर आत धातूवर धातू घासतो. केदारला वाटलं, हा जळतोय. उन्हाळ्यात माणसं पातळ सुती कपडे घालतात, मग इंजिनालाच जाड ऑइल कशाला, असा त्याचा बिनतोड मुद्दा होता. आणि पहिला डबा इंजिनात गेला.

काय सांगू! सकाळी मजेत असायचं ते ऑइल, पण दुपारी तापलं की पाण्यासारखं व्हायचं. माझ्या अंगावर ठरायचंच नाही, सरसर घसरायचं. एप्रिलमध्ये स्वारगेटच्या सिग्नलला गाडी उभी होती आणि समोरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. दुसऱ्या दिवशीही लुकलुकला. केदारने ठरवून टाकलं, की इंजिन म्हातारं झालं, गाडी विकायची. येरवड्याचे एक गृहस्थ सोमवारी येऊन घेऊन जाणार होते.

हे ऐकून केदारची बायको आनंदी पोळी लाटता लाटता थांबली म्हणे. तिने नुकतंच लायसन्स काढलं होतं. तिचं माहेर सोलापूर. आजवर ती तिकडे एसटीने जायची, पिशव्या सांभाळत, कुणीतरी घ्यायला येईल याची वाट बघत. एकदा तरी स्वतः गाडी चालवत वडिलांच्या दारात उतरायचं, एवढंच तिच्या मनात होतं. सोमवारी गाडी गेली की तेही गेलं.

आनंदी लाडू करून विकते, त्यामुळे पाकाची तार बघण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिने वैजनाथकडून दाट ऑइल आणलं. भर दुपारी गच्चीवर दोन वाट्या ठेवल्या, एकीत अमेरिका, दुसरीत वैजनाथ. तापल्यावर एकेक थेंब चिमटीत धरून बोटं लांब केली. वैजनाथच्या ऑइलची छान तार आली. अमेरिकेची तुटली.

पण हे केदारला सांगून उपयोग काय? भावाची भेट होती ती. म्हणून तिने उरलेल्या डब्यातलं पातळ ऑइल बरणीत काढलं, डब्यात दाट ऑइल भरलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, शनिवारी दुसरा डबा घालून बघू. रविवारी मी सोलापूरला चालवते. दिवा लागला तर सोमवारी खुशाल विका."

शनिवारी गॅरेजमध्ये वैजनाथने जुनं ऑइल काढलं आणि केदारने स्वतःच्या हाताने तो डबा इंजिनात रिकामा केला. वैजनाथ धार बघत होता. त्याला एकदम खोकला आला आणि तो चहा प्यायला निघून गेला.

रविवारी आम्ही निघालो. लोणी काळभोरपर्यंत केदारची नजर दिव्यावर होती, पुढे इंदापूरपर्यंतही होती. ऊन असं, की बॉनेटवर पापड भाजावा. पण मी आत मऊ, दाट गोधडी पांघरून बसले होते. दिवा लागला नाही. मला तर नळीतल्या नळीत नाचावंसं वाटत होतं.

सोलापूरला आनंदीचे वडील बापूराव दारात आले. त्यांनी गाडीत वाकून पाहिलं. "ड्रायव्हरला बोलाव की आत, पाणी देतो," ते म्हणाले.

"बाबा, मीच की," आनंदी म्हणाली, आणि तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

येरवड्याच्या गृहस्थांना केदारने तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं. नंतर महिनाभर तो सोसायटीत अमेरिकन ऑइलचं कौतुक करत होता. घरातला झोपाळा आताशा कुरकुरत का नाही आणि ती बरणी रिकामी का होतेय, असं मात्र त्याने कुणाला विचारलं नाही.

जाता जाता तुम्हाला एक विनंती. ऑइल घेताना डब्यावरचं चित्र बघू नका, तुमच्या गाडीचं पुस्तक आणि तुमच्या गावचं ऊन बघा. इंजिन थंड झाल्यावर, गाडी सपाट जागी उभी करून मला तपासा. आणि स्वच्छ फडक्याने पुसा, रुमालाने नको, तुमच्या नाकाला ऑइल लागतं.

आणि हो, काल एक गंमत झाली. ऑइल बदलायची वेळ झाली होती. केदार एकटाच खाली आला. इकडेतिकडे बघून त्याने पिशवीतून वैजनाथकडचं दाट ऑइल काढलं आणि हळूच त्या अमेरिकेच्या रिकाम्या डब्यात ओतायला लागला. मला बाहेर काढून पुसताना तो स्वतःशीच हसत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हिला वाटतं मला काही कळत नाही. पण त्या दिवशी तिने बाबांच्या हातावर किल्ली ठेवली ना, तेव्हा मी..."

थांबा, बॉनेट उघडतंय. आनंदी आली. "चल गं बाई, सोलापूरला निघायचंय, बाहेर ये बघू," म्हणतेय. येते, येते! तर केदार म्हणाला, की तेव्हा मी ठरवलं, आपणही कुणाला काही बोलायचं ना...