मंगळवारची पांढरी मिनीबस

मित्रांनो, मी एक जुनी मिनीबस आहे. रंगाने पांढरी, पण आता चाकांच्या वरच्या पत्र्याला गंज चढला आहे. माझ्या दारावर निळ्या अक्षरांत ‘पोंट’ असे लिहिले आहे. आमच्या वेल्श भाषेत पोंट म्हणजे पूल. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसांना पुन्हा चारचौघांत आणणारी ही आमच्या भागातली लहानशी संस्था. तिच्यासाठी मी एकोणीस वर्षे धावले.

त्याआधी चार वर्षे मी एका हॉटेलच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणत असे. मग हॉटेलने नवी गाडी घेतली आणि मला विकायला काढले. पोंटच्या लोकांनी मला मिळवण्यासाठी वर्षभर धडपड केली. बायकांनी केक विकले, पुरुषांच्या गायकवृंदाने थंडगार चॅपलांमध्ये, म्हणजे गावोगावच्या छोट्या चर्चमध्ये, गाणी म्हटली आणि एका मेंढपाळाने तीस वर्षे राखलेली दाढी भर बाजारात भादरून घेतली. माझा एक तरी टायर आपल्या दाढीचा आहे, असे तो शेवटपर्यंत सांगत असे.

दर मंगळवारी सकाळी मी डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून अकरा जणांना घेऊन लॅम्पीटर गावच्या चॅपलमागच्या सभागृहात जाई. माझा चालक मायरिग. जन्मभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला. कुणाला पाय उचलायला त्रास होऊ नये म्हणून त्याने स्वतः लाकडी पायरी बनवली होती. सभागृहात हातापायांचे व्यायाम होत, बोलण्याचा सराव होई, चहा होई. येताना गप्प असलेली माणसे जाताना एकमेकांची चेष्टा करत असत. मला ते फार आवडे.

सगळ्यांत तिखट जिभेच्या होत्या ऑल्वेनबाई. त्या प्राथमिक शाळेच्या शिक्षिका. डावा हात लुळा पडला, पण वाणी शाबूत राहिली. मायरिग लहानपणी त्यांच्याच वर्गात होता, त्यामुळे साठी उलटली तरी तो त्यांना ‘बाई’ म्हणे आणि त्या त्याला विद्यार्थ्यासारखे झापत.

एका वसंतात इडवल माझ्यात बसू लागला. पस्तीस वर्षे त्याने ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. झटक्याने त्याचा उजवा हात गेला आणि शब्दही गेले. समजत सगळे होते, पण तोंडातून एकच निघे, ‘हो हो.’ चहा हवा असला तरी ‘हो हो’ आणि नको असला तरी ‘हो हो’. त्याची बायको नेस्टा त्याच्या वतीने बोले. बाकीचे लोक दयेपोटी त्याचे वाक्य आपणच पुरे करत. मग तो खिडकीबाहेर बघत बसे. आपण कुणाच्या उपयोगाचे राहिलो नाही असे त्याला वाटते, हे नेस्टाने एकदा मायरिगला सांगितले होते.

जूनमधला तो शनिवार मी विसरणार नाही. संस्थेसाठी निधी गोळा करायला अबेराइरॉनच्या बंदरावर चालण्याचा कार्यक्रम होता. प्रत्येकाने जमेल तेवढे चालायचे आणि त्याच्या पावलांसाठी गावाने पैसे द्यायचे. वाणी परत शिकवणारी बाई आठवड्यातून एक दिवस येत होती, तिला दोन दिवस बोलवायचे होते. गायकवृंद बंदरावर येऊन उभा होता आणि आम्हाला उशीर झाला होता.

चारच दिवसांपूर्वी माझे टायर बदलले होते. निघाल्यापासून मागच्या डाव्या चाकात मला काहीतरी सैल लागत होते. पण मित्रांनो, मला कुठे बोलता येते! मी फक्त खडखडू शकते, आणि जुन्या गाडीच्या खडखडण्याकडे कोण लक्ष देतो?

इडवलने दिले. त्याने मान वळवली, कान लावला आणि काठीने माझा तळ ठोकू लागला.

मायरिगने आरशातून विचारले, “काय इडवल, सगळं ठीक ना?”

“हो हो,” इडवल म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने पुन्हा काठी आपटली. “हो हो! हो हो!”

कुणी म्हणाले त्याला लघवीला जायचे असेल. कुणी म्हणाले त्याला उकडते आहे, आणि खिडकी उघडली. नेस्टाने त्याचा हात धरला, तो त्याने झटकला. पुढे समुद्राकडे उतरणारा वळणांचा उतार सुरू होणार होता. मायरिग म्हणाला, पंधरा मिनिटांत पोहोचू, मग बघू.

“मायरिग, गाडी थांबव,” ऑल्वेनबाई म्हणाल्या.

“बाई, उशीर होतोय.”

“पाचवीत असतानाही तू ऐकायच्या आधीच उत्तर द्यायचास. त्याचं ‘हो’ ऐकू नकोस, तोंड बघ त्याचं. थांबव आधी. इंजिनही बंद कर.”

मायरिगने मला कडेला घेतले. बाईंनी सगळ्यांना गप्प बसवले आणि आपल्या पिशवीतली वही-पेन्सिल इडवलच्या मांडीवर ठेवली. “घे तुझा वेळ. आम्ही कुठं जात नाही,” त्या म्हणाल्या.

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. इडवलने डाव्या हाताने एक वाकडे वर्तुळ काढले. त्यात सहा ठिपके दिले. मग एक ठिपका खोडला आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवले.

मायरिग उतरला. चाकापाशी वाकला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. सहा नटांपैकी एक गळून पडला होता आणि आणखी तीन नट नुसत्या बोटांनी फिरत होते.

तो वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो इडवलसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “तू मघापासून सांगत होतास. मीच ऐकलं नाही. माफ कर मला.”

इडवलने हात पुढे केला, पण माफीसाठी नव्हे. त्याला पाना हवा होता. तो खाली उतरला, समोरासमोरचे नट कोणत्या क्रमाने आवळायचे ते बोटाने दाखवत गेला, आणि मायरिग आवळत गेला. शेवटी त्याने डाव्या हाताने स्वतः पाना ओढून पाहिला, तेव्हाच मान डोलावली. मग आम्ही बैलगाडीच्या चालीने उतार उतरलो.

आम्ही तासभर उशिरा पोहोचलो. गायकांची सगळी गाणी दोनदा म्हणून झाली होती. इडवल पहिल्या बाकापर्यंतच चालेल असे ठरले होते. तो बाकापाशी आला, बाकाकडे बघितले आणि पुढे चालू लागला. बंदराच्या भिंतीच्या टोकापर्यंत गेला. नेस्टा मागून डोळे पुसत चालली होती.

वाणी शिकवणारी बाई आठवड्यातून दोन दिवस येऊ लागली. इडवल दर मंगळवारी मला तपासल्याशिवाय निघू देईना. आणि पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मायरिगने नेहमीसारखे “सगळं ठीक ना?” विचारले, तर इडवल थांबला, ओठ जुळवले आणि म्हणाला, “ना... ही. ब्रेक.” त्या एका ‘नाही’साठी नेस्टाने दुसऱ्या मंगळवारी सगळ्यांना चहात भिजवलेल्या मनुकांचा ‘बारा ब्रिथ’ नावाचा आमच्याकडचा गोड पाव केला.

आता संस्थेकडे नवी गाडी आहे, चाकाची खुर्ची वर उचलून घेणारी. मी सभागृहामागे सफरचंदाच्या झाडाखाली उभी असते. मला भंगारात द्यायचे ठरले होते, पण इडवलने वहीत माझे चित्र काढले आणि आत समोरासमोर दोन खुर्च्या रेखाटल्या. सभागृहात फार गलबला असतो. ज्यांचे शब्द हरवले आहेत त्यांना त्यात काही सुचत नाही. म्हणून ते दोघेदोघे माझ्यात येऊन बसतात. मागच्या मंगळवारी मायर नावाची एक नवी बाई आली होती. इडवल तिच्यासमोर बसला. तिला स्वतःच्या लेकीचे नाव आठवायला बराच वेळ लागला. लेकच तिला सोडायला आली होती, त्यामुळे इडवलला ते नाव ठाऊक होते. त्याने सांगितले नाही. ती आठवेपर्यंत थांबला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणी अडखळत बोलत असेल तर त्याचे वाक्य त्याच्या हातून काढून घेऊ नका. जरा थांबा. माझे इंजिन कायमचे बंद झाले आहे, पण मला त्याचे वाईट वाटत नाही. आता आत बसलेल्या माणसाचा अगदी हळू आवाजही मला नीट ऐकू येतो.