लाल दोऱ्याचा कॅमेरा

मी लाल दोऱ्याचा कॅमेरा. रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात, शिरीषच्या घरी, लोखंडी कपाटावर असतो.

शिरीष लग्नांचे फोटो काढायचा. छत्तीसगड नवं राज्य झालं, तशी कामं वाढली. पण रोलमध्ये छत्तीसच फोटो. तो बदलेपर्यंत नेमकी वरमाला निसटायची. म्हणून त्यानं मला आणलं, दुसरा कॅमेरा. ओळखू यावं म्हणून त्याच्या बायकोनं, कुमुदनं, माझ्या पट्ट्याला लाल दोरा बांधला.

एक कॅमेरा चालायचा तेव्हा कुमुद मागं बसून दुसऱ्यात रोल भरायची. शिरीष न बघता हात मागं करायचा. ती भरलेला कॅमेरा हातात द्यायची.

समता कॉलनीत मंजिरीचं लग्न होतं. तिचे वडील नाना नुकतेच दुखण्यातून उठलेले. कुमुदच्या मांडीवर वर्षाची लेक ज्ञानदा तापानं फणफणलेली. एक हात पोरीच्या कपाळावर ठेवून तिनं दुसऱ्या हातानं मला भरलं, झाकण लावलं. रोलचं टोक चाकात अडकलंच नाही.

रोल सरकला की माझी डावीकडची कळ फिरते. ती फिरत नव्हती. कुणी पाहिलं नाही. नानांनी कन्यादानाचं पाणी सोडलं आणि लहान पोरासारखं तोंड वेडंवाकडं करून रडले. शिरीष खटके मारत होता.

"एकोणचाळीस झाले! आज तर रोल संपूनच नाही राहिला!"

कुमुदनं माझी कळ पाहिली. "अहो, तो फिरलाच नाही."

पोरीला कडेवर घेऊन कुमुदच नानांकडे गेली. "काका, चूक माझी झाली. कन्यादानाचा एकही फोटो आला नाही."

नाना पोरीकडे बघत राहिले. "ताप हाय का इले?"

"हव."

"मंग काढा पुन्हा. माहा हात कुठं पळून राहिला?"

सगळे हसले. पुन्हा हात धरला, पुन्हा पाणी सोडलं. या वेळी शिरीषनं जुन्या कॅमेऱ्यानं फोटो काढला.

तीन महिन्यांनी नाना गेले. मंजिरी तोच फोटो मोठा करून घ्यायला आली.

"यात तर बाबा हसून राहिले. त्या दिवशी रडले होते ना वहिनी?"

"हव," कुमुद म्हणाली.

आता रोल कुणी वापरत नाही. ज्ञानदा शाळेत जाते. "मम्मी, इसमें कुछ दिखता क्यों नहीं?" असं माझ्या पाठीवर पडदा शोधत विचारते. कधी दुपारी कुमुद मला खाली काढते, रोल सरकवायचा खटका ओढते, कळ फिरते का बघते. रिकाम्या कॅमेऱ्यात ती फिरत नाही. तरी बघते.

माझं एकच मागणं आहे. कुमुद, आता कळ बघणं सोड, मला वरच राहू दे. पोर शाळेतून आली आहे, तिला जेवायला वाढ.