घाटघरचा मुक्काम

ऐन कांदा लागवडीत पिंपरी पेंढारचं कुणी घरदार सोडून हिंडायला निघत नाही. त्यामुळे थोरल्या भावाचा, दादाभाऊचा फोन आला तेव्हा वृषालीला आधी खरंच वाटेना.

"वृषे, तू मागं म्हनत व्हतीस ना, सगळ्यांनी मिळून तंबूत ऱ्हायला जाऊ? ठरव तू. आमी सगळी येतो."

"कांदे टाकून?"

"कांदे काय, दरसाल हायतीच की."

वृषाली भोसरीला राहायची. वडील, सावळाराम, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्या वर्षात माहेरचा फोन दिवाळीला आला तेवढाच. वडलांच्या माघारी भाऊ तुटतात की काय, ही धास्ती तिच्या मनात होती. त्या एका फोनने ती पार विरघळली. नवरा म्हणाला, "आत्ताच बरं सुचलं तुझ्या भावांना." त्यावर ती त्याच्याशी दिवसभर बोलली नाही.

मग तिने बेत आखायला घेतला. पहिला मुक्काम घाटघरला, रानाच्या कडेला. तिथल्या बायडाबाई आपल्या भाताच्या खाचरात तंबू लावून देत. दुसरा मुक्काम आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या धरणाकाठी. रोज संध्याकाळी कुकर लावून ती फोन घेऊन बसायची. दादाभाऊच्या बायकोचे, वैजयंतीवहिनींचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता-झोपता येत नाही, म्हणून एका तंबूत खाट हवी. धाकट्या भावाला, अमृतला थंडी सोसत नाही, तर दोन गोधड्या जास्त. पोरांना शेकोटी पाहिजेच. वहिनींनी एकदा आठवण केली, "वन्सं, आधार कार्ड आणा बरं का, तंबूवाले मागत्यात." तिने बायडाबाईला विचारलं तर ती हसायलाच लागली.

"आधार कशाला गं बाई? मानसं आन नुसती."

वहिनींना लॉजचं वाटलं असेल, असं समजून वृषालीने कार्ड पर्समध्ये टाकलं.

आदल्या दिवशी लेकीला, स्नेहलला घेऊन ती माहेरी पोचली. सकाळी अमृतने तिच्या पिशव्या गाडीच्या डिकीत टाकल्या. अमृतची बायको मजुरांसाठी मागे थांबली होती. शाळा सुटली की पोरांना घेऊन ती संध्याकाळी थेट घाटघरला येणार होती. पुढे दादाभाऊ आणि अमृत, मागे वहिनी, वृषाली आणि स्नेहल. वहिनी रेशमी साडी नेसून निघाल्या होत्या. रानात रेशमी साडी कशाला, असं वृषालीच्या ओठावर आलं होतं. पण माहेरच्या माणसांना एवढं कुठे टोकायचं!

जुन्नरमध्ये घाटघरचा रस्ता धरायच्या ऐवजी गाडी कचेरीकडे वळली आणि थांबली. झाडाखाली गावातले दोघे जण उभे होते. दादाभाऊला बघून त्यांनी हात वर केला.

"काय काम आहे भाऊ?" वृषालीने विचारलं.

दादाभाऊ आरशात बघत म्हणाला, "हायवेकडच्या रानाचं जरा कागदाचं हाय. तुझी एक सही लागती. हक्कसोड. पाच मिन्टाचं काम, मग जाऊ निवांत."

वृषालीला काही क्षण नुसतं ऐकूच आलं. अर्थ मागून आला.

तिला ते रान नको होतं. वडलांच्या वर्षश्राद्धाला, सगळ्यांच्या देखत आपण होऊन सांगायचं, की माझं काही नाही, तुम्ही नांदा, हे तिने कधीच ठरवलं होतं. नवऱ्यालाही तिने तसं बजावून ठेवलं होतं. भावांनी पिंपरी पेंढारच्या ओसरीवर बसून एका शब्दाने मागितलं असतं, तर चहा थंड व्हायच्या आत ती उठून त्यांच्याबरोबर आली असती.

"फोनवर का नाही सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? समद्या बहिनी करत्यात," दादाभाऊ म्हणाला. "चल, साक्षीदार खोळंबल्यात."

"परत येताना करते. दोन मुक्काम होऊ दे, मग करते."

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"तुला विचारते, अमृत," वृषाली म्हणाली. "आज सही नाही केली, तर घाटघरला जायचं का?"

अमृत मान खाली घालून मोबाईलशी चाळा करत होता. "ताई, तू पन ना… करून टाक की राव."

"जायचं का, तेवढं सांग."

तेवढ्यात दादाभाऊचा आवाज चढला. "कांदा टाकून आलोय आमी, वृषे! हिंडायला न्हाई आलो!"

एवढं बोलल्यावर त्यालाही कळलं आपण काय बोललो ते. पण शब्द गाडीत सांडले होते.

वृषाली खाली उतरली. तिने डिकी उघडली. तिच्या दोन पिशव्या, पोरांसाठी केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा आणि स्नेहलची सॅक. बाकी डिकी रिकामी होती. ना कुणाची बॅग, ना एखादं पांघरूण. त्यांना जायचंच नव्हतं. गुडघ्यांसाठी खाट, दोन जास्तीच्या गोधड्या, शेकोटी, सगळं तिनेच बोलत राहायचं आणि त्यांनी फोनवर हो हो म्हणत राहायचं, एवढंच इतके दिवस चाललं होतं.

"वन्सं, असं करू नका," वहिनी काचेतून म्हणाल्या. "माहेर तुटंल."

"ते तुम्ही येतानाच तोडून आणलंत, वहिनी."

बोलली खरी, पण पिशव्या घेऊन स्नेहलबरोबर स्टँडपर्यंत चालताना ती सारखी मागे बघत होती. मागून गाडी येईल, अमृत तरी हाक मारील, असं तिला वाटत राहिलं. स्टँडवर घाटघरची एसटी लागायला वेळ होता. तेवढ्या वेळात तिने डिंभ्याच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. आपण रागाने नाही म्हणालो की रानाचा लोभ सुटला, हेही तिने स्वतःला विचारून बघितलं. नक्की उत्तर मिळालं नाही, आणि त्याचं तिला जास्त वाईट वाटलं. तेवढ्यात स्नेहलने मोबाईल पुढे केला. ट्रिपसाठी केलेल्या ग्रुपमधून मायलेकींना काढून टाकलं होतं.

घाटघरला पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. खाचरात चार तंबू ताठ उभे होते. एकात खाट घातलेली दिसत होती. बायडाबाई चुलीपुढून उठून आली.

"दोघीच? बाकीची मानसं?"

"कामं निघाली त्यांना. अचानक."

भावांची लाज अजूनही आपणच झाकतोय, हे तिला बोलताबोलता कळलं. बायडाबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. "बसा, च्या टाकते. मंग तीन तंबू काढून ठेवते. उगा दवानं भिजायचे."

स्नेहल दगडावर बसून डोंगराकडे बघत होती. तिने विचारलं, "आई, तू सही केली असतीस, तर आत्ता सगळे इथे असते का गं?"

"नाही," वृषाली म्हणाली. "सही करूनही ते इथे नसते."

चहा पिऊन तिने पदर खोचला आणि बायडाबाईच्या हाताखाली खाटेच्या तंबूची दोरी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती. ती दातांनी ओढावी लागली.