न लिहिलेली अट

आजीने निळं बटण उचलून तिसऱ्या बशीत, म्हणजे कोड्यातल्या तिसऱ्या खोलीत ठेवलं आणि पिंगीकडे पाहिलं.

"चुकलं," पिंगी म्हणाली. "निळा म्हणजे वकील. वकील जिथं, तिथंच डॉक्टर."

"मग डॉक्टरलाही उचल."

"उचलला की मधली खोली रिकामी. शिंपी नि माळी एकत्र, वकील नि डॉक्टर एकत्र. मग मधल्या खोलीत कोण झोपणार, भूत? प्रश्नच चुकलाय, आजी. छापताना घोळ झालाय."

आजीचा सगळा जन्म छापखान्यात प्रुफं वाचण्यात गेला होता. जे छापलंय तेवढंच वाचायचं, डोळा पुढे पळाला की त्याला कान धरून मागे आणायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा ती शेवटच्या टिंबापर्यंत वाचायची.

"प्रत्येक खोलीत कुणीतरी असलंच पाहिजे, हे कुठं लिहिलंय ते दाखव मला. बोट ठेवून."

पिंगीचं बोट ओळीवरून हळूहळू सरकत गेलं, खाली पोचलं, पुन्हा वर आलं.

"नाही लिहिलेलं," ती म्हणाली.

"ती अट तू घातलीस. पदरची."

पिंगीने वही मिटली आणि कपाळ टेबलावर टेकलं. "तू माझ्या जागी परीक्षेला बस ना गं."

"बसले असते. पण फोटोत सुरकुत्या दिसतील."

स्वयंपाकघरातून पिंगीच्या आईचं हसणं ऐकू आलं. ती इस्पितळात नर्स होती. ड्यूटीला निघण्याआधी भाजी परतून ठेवत होती. घर इस्पितळाचंच होतं, दोन खोल्यांचं. पिंगीचे वडील गेल्यापासून तिघी तिथेच राहत होत्या.

कायद्याच्या कॉलेजची ही प्रवेशपरीक्षा पिंगी दुसऱ्यांदा देणार होती. गेल्या वर्षी एकाच कोड्याने तिचा घात केला होता. माणसं खुर्च्यांवर बसलेली आणि दर घंटेला जागा बदलणारी. कोण कुठे पोचेल आणि कोण कधीच पोचणार नाही, ते सांगायचं. असलं कोडं कित्येक वर्षांत आलं नव्हतं. क्लासच्या सरांनी ते शिकवलंच नव्हतं. नेहमीची कोडी घोटून घ्या, बाकी सोडून द्या, असं त्यांचं म्हणणं. पिंगीने ते सोडून दिलं आणि जागा थोडक्यात गेली. सर म्हणाले, बॅड लक. आजीने दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे जाऊन जुन्या प्रश्नसंग्रहांचा ढीग आणला आणि शिवणाच्या डब्यातली बटणं टेबलावर ओतली.

नेहमीची कोडी पिंगी क्लासमध्ये करायची. घरी फक्त दुर्मीळ. जागा बदलणारी माणसं, वाटांनी जोडलेली गावं, किती जण आहेत हेच न सांगणारे गट. आजी वाचायची, पिंगी बटणं हलवायची, मग उलट. सोबत वादही व्हायचे. एकदा तर आजी रागावून गच्चीवर जाऊन बसली, कारण पिंगी तिला म्हणाली होती की तू उत्तर आधीच बघतेस. तिने बघितलं नव्हतं. पिंगी वर आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "बरं, नाही बघत. तू जन्मतःच आगाऊ आहेस." दोघी तिथेच हसत बसल्या.

त्या वर्षात आजीला फार बरं वाटत होतं. छापखाना सुटल्यापासून तिच्या वाचण्यावर कुणाचं काही अडलं नव्हतं; आता अडत होतं.

कॉलेज दुसऱ्या शहरात होतं. पिंगीच्या आईने तिथल्या इस्पितळात बदलीसाठी आधीच विचारून ठेवलं होतं. तिथे राहायला एकच खोली मिळणार आणि सोबत एकच नातेवाईक ठेवता येणार, हेही तिने आजीला एका संध्याकाळी सांगितलं होतं, चादरीच्या घड्या घालता घालता.

"पण ते सगळं ती पास झाली तर, आई."

"होईल," आजी म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

पिंगी पास झाली. परीक्षेत वाटांचं कोडं आलं होतं, असं की बाहेर पडल्यावर मुलं शिव्या देत होती. पिंगी घरी आली ती जिना धावतच चढली आणि दारातूनच म्हणाली, "आलं ते, आजी. आपलं." निकालाच्या दिवशी क्लासच्या सरांनी फोन करून तिचा फोटो मागितला, पाटीवर लावायला. आजीने फोन कानाला लावून त्यांना सांगितलं की फोटो इथे धुवायला दिलाय, वाळला की पाठवू.

त्या रविवारी दोन्ही मामा आले. थोरला बँकेत, धाकटा औषधं विकायला गावोगाव फिरणारा. थोरली मामी बरोबर होती. पेढ्याचा डबा फिरला, पिंगीची पाठ थोपटून झाली, मग थोरल्याने खुर्ची टेबलाशी ओढली.

"आता आईचं काय करायचं ते बोलू."

आजी खिडकीजवळच्या स्टुलावर होती. तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"तिघांकडे आळीपाळीने," धाकटा म्हणाला. "थंडी, उन्हाळा, पावसाळा. तीन ऋतू, तीन घरं. सोपं आहे."

सोपं नव्हतं. थंडीत थोरल्या मामीचे आईवडील येऊन राहतात, खोली भरते. उन्हाळ्यात मुलांच्या परीक्षा, मग लगेच क्लास, घरात पाय ठेवायला जागा नसते. धाकट्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पावसात जिना निसरडा होतो, आईचे गुडघे हे असे. उन्हाळ्यात तो फिरतीवर, घराला कुलूप. बहिणीचं तर ठाऊकच होतं. एक खोली, एक नातेवाईक.

बोलता बोलता सगळे एकमेकांच्या अंगावर यायला लागले.

"तुझी फिरती नेमकी उन्हाळ्यातच कशी काय येते रे?" थोरल्याने विचारलं.

"तुझे सासूसासरे येतात तशीच. दर वर्षी, न बोलावता."

"माझ्या आईवडलांना मधे आणायचं कारण नाही," मामी म्हणाली.

"थांबा, थांबा," पिंगी म्हणाली. "असं भांडून नाही सुटायचं. कागद द्या."

तिने चौकोन आखले. वर ऋतू लिहिले, बाजूला घरं. एकेकाकडून अट विचारून घेतली, पुन्हा म्हणून दाखवली, मग लिहिली. मामांना गंमत वाटली. थोरला मामीला म्हणाला, "बघ, वकिलीणबाई." चेहरे निवळले. आजीसाठी पिंगीने नुसतं 'आ' लिहिलं, कोड्यात माणसांची लिहितात तसं, आणि पेन्सिल भराभर चालवली. पावसाळ्यात 'आ' थोरल्याकडे. थंडीत 'आ' धाकट्याकडे. उन्हाळ्याचा चौकोन तसाच राहिला.

"उन्हाळ्यात कुठेच बसत नाही," पिंगी म्हणाली. "कुणीतरी एक अट सोडा."

बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, तो आवाज येत राहिला.

"पिंगी," तिची आई हळूच म्हणाली, "तू हॉस्टेलला राहिलीस तर आजी माझ्याकडेच राहू शकेल. उन्हाळाच काय, कायमची."

पिंगीची पेन्सिल थांबली. तिने आजीकडे पाहिलं नाही.

"हॉस्टेलवर अभ्यास होत नाही, आई. एका खोलीत चौघी असतात. पहिलं वर्ष तरी नको. एवढं करून मिळालंय."

"बरोबर आहे तिचं," थोरला म्हणाला. "तिचं नुकसान नको."

पिंगी पुन्हा कागदावर वाकली, हॉस्टेल नको हेही लिहिलं. चौकोनांवरून तिचं बोट एकेक ओळ सरकत खाली गेलं आणि पुन्हा वर आलं. मग ती एकदम ताठ बसली. डोळे लकाकले. आजीला ती लकाकी ओळखीची होती. गाठ सुटल्यावर, आवाज फुटायच्या आधी, ती नेहमी अशीच दिसायची.

"आपण सगळे एक गोष्ट उगाच धरून चाललोय," पिंगी म्हणाली. "आजी या तीन घरांपैकीच कुठेतरी असली पाहिजे, असं तर कुणीच सांगितलेलं नाही. चौथी जागा धरली की झालं. सगळ्यांच्या अटी राहतात."

उत्तर बरोबर आल्यावर पाहायची तसं तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

मग थोरल्याने घसा साफ केला.

"तसं एक ठिकाण आहे. शहराबाहेर, पण हवेशीर. डॉक्टर रोज येतो. भेटायला रविवारी सोडतात, चार ते सहा."

"तुला कसं माहीत?" पिंगीच्या आईने विचारलं.

"सहज चौकशी केली होती."

"कधी?"

थोरल्याने पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं. मामी म्हणाली, "चांगलं आहे हो ते. आम्ही खोल्यासुद्धा पाहिल्या. खिडकीतून झाडं दिसतात."

"मग उन्हाळ्यापुरतंच कशाला?" धाकटा म्हणाला. "दर चार महिन्यांनी बोचकं उचलायचं, त्रास तिलाच. एका जागी राहिलेलं बरं. आपण जात जाऊ रविवारी."

"तेही खरंच," मामी म्हणाली आणि कप गोळा करायला उठली.

थोरल्याने पिंगीच्या हातातून पेन्सिल घेतली आणि चौकोनांच्या खाली एक लांबलचक आडवा चौकोन काढला, थंडीपासून पावसाळ्यापर्यंत. त्यात 'आ' लिहिलं. वरचे दोन 'आ' त्याने पुसले नाहीत, फक्त त्यांच्यावर रेघ मारली.

पिंगी त्या रेघांकडे बघत राहिली.

"मी उन्हाळ्याचं म्हणत होते," ती म्हणाली. "मामा, मी फक्त उन्हाळ्याचं म्हणत होते."

"तूच तर सोडवलंस बाळ," धाकटा म्हणाला. "आम्ही तासभर भांडत बसलो होतो."

"आजी..."

पिंगीची आई उठून आत गेली. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

मग थोरल्याला आठवण झाली. खुर्ची अर्धी वळवून तो म्हणाला, "आई, तुला काय वाटतं? तुझी काही हरकत नाही ना?"

आजीने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला. थोरल्याने कागद तिच्याकडे दिला. तिने तो उजेडाकडे धरला आणि वरपासून वाचला. ऋतू. घरं. मामीचे आईवडील, मुलांच्या परीक्षा, जिना, कुलूप, एक खोली, हॉस्टेल. प्रत्येकाची अट पिंगीच्या नेटक्या अक्षरात लिहिलेली होती. ती शेवटच्या रेघेपर्यंत गेली. घाई केली नाही. पिंगी खुर्चीच्या कडेला आली होती. आजीने काहीतरी विचारावं, कुठेतरी बोट ठेवावं, म्हणून ती वाट बघत होती.

"चूक नाही," आजी म्हणाली.

तिने कागदाची घडी घातली. पिंगीचा हात पुढे आलेला तिला दिसला. तिने घडी थोरल्याला दिली.