सप्लायकडचं टोक

वहिनी संशयी आहेत असं कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर त्यांना राग आला नसता. त्यांचा धंदाच तसा होता. पाय वाकडे, आखूड किंवा सुजलेले असतील अशा माणसांसाठी त्या जोडे करायच्या. "डावा अगदी किंचित आखूड आहे हो" असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचा डावा पाय चांगला सव्वा इंच आखूड निघायचा. तेव्हा माणसाच्या बोलण्यावर जायचं नाही, पट्टी लावायची, आणि एकदा नाही, दोनदा लावायची. अशी नऊ वर्षांत घेतलेली चारशे माणसांची मापं आणि पायांचे नकाशे त्यांच्या कॉम्प्युटरातल्या एकाच डिस्कवर होते. दुसरी प्रत त्यांनी कधी काढली नाही. प्रत काढली की चोरायला दोन जागा झाल्या, असं त्यांचं म्हणणं.

तो कॉम्प्युटर सोमवारी सकाळी फट् करून बंद पडला. पॉवर सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला होता.

दुरुस्ती करणारा घरातलाच होता, धाकटा दीर, आणि वहिनींच्या दृष्टीनं तीच तर अडचण होती. दोन वर्षांपूर्वी त्यानं त्यांचं शिलाई मशीन दुरुस्त करून आणलं, तेव्हापासून ते पूर्वीपेक्षा मऊ चालत होतं. म्हणजे मोटार बदलली! स्वतःची चांगली मोटार देऊन कोण कुणाची जुनी लांबवेल, असं नवऱ्यानं विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, "तेच तर कळत नाही ना, म्हणून तर डोकं फिरतं."

दीर नवा सप्लाय घेऊन आला, तर कॉम्प्युटरच्या आतल्या प्रत्येक भागावर निळ्या रंगाचा ठिपका. जोड्यांचे तळ रंगवायचा रंग होता तो.

"हे काय वहिनी, दृष्ट लागू नये म्हणून?" तो हसला.

"असू द्या भावजी, मला ओळखायला बरं पडतं," वहिनी म्हणाल्या, आणि स्टूल ओढून त्याच्या खांद्यामागेच बसल्या.

त्यानं जुना सप्लाय आणि त्याच्या केबली काढून बाजूला ठेवल्या. नवा सप्लाय बसवून त्याच्या खोक्यातून नव्या केबली काढल्या. चोवीस पिनांचा रुंद प्लग मदरबोर्डाच्या कडेला बसवला. मग आठ-आठ पिनांचे दोन प्लग हातात घेऊन तो खिडकीकडे वळला आणि एकदा हा, एकदा तो, असं बघत राहिला.

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. "माहीत नाही का कुठला लावायचा?"

"माहीत आहे, पण बघून लावावा. एक प्रोसेसरचा आहे, एक ग्राफिक्स कार्डाचा. लांबून दोन्ही सारखेच. ही भोकं बघा, काही चौकोनी, काहींचे कोपरे कापलेले. बोर्डावरच्या खाचा जशा, तसाच प्लग हवा. चुकीचा बसतच नाही."

हे मात्र वहिनींना एकदम पटलं. पायात बसला तो जोडा बरोबर, एवढं साधं शास्त्र. त्यांच्या मनातला दीर दोन बोटं वर चढला.

पण तो तिथे थांबायला तयार नव्हता. काम संपलं, पडदा उजळला, मापं जिथल्या तिथे दिसली, आणि त्यानं जुन्या केबली गोळा करायला घेतल्या. "या मी नेतो, टाकून देतो."

"का?"

"या डब्याला चालायच्या नाहीत. बोर्डाकडचं आणि डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं हो, पण सप्लायकडचं ज्याचं त्याचं. प्लग बसेल, पण आत वायरींचा क्रम वेगळा. चुकून लावली तर नसती आफत."

आता मघाशी म्हणाला चुकीचं बसतच नाही, आणि लगेच म्हणतो बसेल पण चालणार नाही! कुठेतरी पाणी मुरतंय, वहिनींनी ओळखलं. जुन्या केबली जाड होत्या, वरून जाळीचं विणकाम. नव्या चपट्या, पोरीच्या रिबिनीसारख्या. चांगला माल न्यायचा आणि हलका ठेवायचा, दुसरं काय?

"राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या. "माझ्या आहेत."

"ठेवा, पण लावू नका," तो म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

मंगळवार वहिनींनी कसाबसा काढला. बुधवारी दुपारी टपाल खात्यातून निवृत्त झालेला एक म्हातारा जोडे कधी मिळतील म्हणून विचारून गेला. त्याचा नकाशा उघडताना यंत्र जरा रेंगाळलं, किंवा वहिनींना तसं वाटलं. झालं! आपला हात जगन्नाथ म्हणत त्यांनी यंत्र बंद केलं, झाकण उघडलं, डिस्कची चपटी केबल उपटली आणि जुनी जाड केबल आणली. डिस्ककडचं टोक बसलं. सप्लायकडचं टोक बसलं, वर खट् असा छान आवाजही आला. बघा, आणि म्हणे चालत नाही!

बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा फिरून थांबला, टक् झालं, आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. चारशे माणसं. त्यातली कितीतरी आता हयात नव्हती, कितीतरी जणांचे पाय नऊ वर्षांत आणखी वाकडे झाले होते, आणि कुठला पाय कसा वाकत गेला हे त्या डिस्कशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना रडू आलं. पण रडता रडताच त्यांच्या हातांनी जुनी केबल काढली, नवी जागच्या जागी लावली आणि झाकण बसवलं. आपण हे काय करतोय, असा प्रश्न त्यांनी हातांना विचारला नाही. मग दिराला फोन केला. "भावजी, तुमच्या सप्लायनं माझी डिस्क जाळली."

दीर धावतच आला. डिस्क सोडवली की यंत्र चालायचं, जोडली की मरायचं. त्यानं मीटर लावून सप्लाय तपासला, आकडे चोख होते. पुन्हा तपासला, पुन्हा चोख. त्याच्या कपाळावर घाम आला.

"काही हात लावला होतात का?"

"मी कशाला लावू?"

त्यानं मान हलवली. लगेच विश्वास ठेवला, आणि वहिनींना तेच सहन होईना.

"म्हणजे सप्लायच दगा देतोय," तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला. "चालू करताना क्षणभर उसळी मारत असेल, मीटरवर कशी दिसणार? वहिनी, चूक माझी. मापांचं मी बघतो, घरोघर हिंडावं लागलं तरी हिंडतो. पण आधी एक फोन करू द्या. हाच सप्लाय मी याच आठवड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात बसवलाय."

त्यानं फोन लावला. "डॉक्टरीणबाई, मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा. हो, पेशंट बसलेले असले तरी. माझ्याकडून वाईट माल बसवला गेलाय. नाही, तुम्ही दुसऱ्याकडून करून घेतलंत तरी माझं काही म्हणणं नाही..."

"बंद करायला सांगू नका," वहिनी म्हणाल्या.

त्यानं हातानं थांबा अशी खूण केली.

"सप्लाय चांगला आहे!" त्या ओरडल्याच. "मी जुनी केबल लावली. मीच. आणि मग काढून ठेवली."

दीर फोन कानाला धरूनच त्यांच्याकडे वळला. मग म्हणाला, "डॉक्टरीणबाई, माफ करा, चालू द्या," आणि फोन ठेवला. तो चिडला असता तर वहिनींना बरं वाटलं असतं. त्यानं फक्त हात पुढे केला. वहिनींनी खणातून केबल आणून दिली.

"एवढंच असेल तर कदाचित वाचेल," तो म्हणाला. डिस्कच्या पाठीवरची हिरवी पट्टी सोडवून त्यानं भिंगातून पाहिलं. उसळी आली तर आपण जळून बाकीचं वाचवणारा तांदळाएवढा एक भाग तिथे काळा पडला होता. त्यानं तो तापलेल्या सळईनं अलगद उचलून टाकला, पट्टी परत बसवली, नव्या केबलीनं डिस्क जोडली. ती गुणगुणत फिरू लागली. एकेक करत चारशे नावं पडद्यावर आली. त्यानं सगळ्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि ती वहिनींच्या हातात दिली.

वहिनींना खूप बोलायचं होतं, शिलाई मशीनबद्दलसुद्धा. त्या म्हणाल्या, "भावजी, चहा टाकते."

"नको, दवाखान्यात जाऊन येतो. घाबरल्या असतील त्या." झाकण लावता लावता तो थांबला. "वहिनी, आणखी कशाला हात लावलाय का? असेल तर आत्ताच सांगा."

"नाही हो. शपथेवर सांगते."

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं झाकण पुन्हा पूर्ण उघडलं, बॅटरी पेटवली, आणि चोवीस पिनांच्या प्लगपासून सुरुवात करून एकूण एक जोड स्वतःच्या हातानं तपासला. दोनदा.