मातेरं

कांडल्याच्या फ्री झोनची हकीकत आबासाहेबांनी मिरजगावच्या बाजारात पहिल्यांदा सांगितली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. गुजरातेत समुद्राकाठी सरकारनं कुंपण घातलंय म्हणे. आत परदेशी मशिनं येतात, परदेशी कापड येतं आणि त्यावर दमडीची जकात नाही. म्हणून माल स्वस्त पडतो, परदेशात खपतो आणि सरकारला तिकडचा पैसा मिळतो. अट एकच. आत शिवलेला शर्ट जहाजानं बाहेरदेशीच जायचा. कुंपणाच्या अलीकडे, आपल्या मुलखात, जकात भरल्याशिवाय त्याची एक बाहीसुद्धा यायची नाही.

आबासाहेबांनी आपलं कापडदुकान मोडलं, कांडल्याला शर्टांचा कारखाना टाकला आणि गावातली डझनभर माणसं बरोबर नेली. त्यात चांगुणाचा नवरा मच्छिंद्र होता. दुष्काळानं गावात खडी फोडण्याशिवाय दुसरा धंदा ठेवला नव्हता. कांडल्याला गेलेल्यांच्या घरी तेवढी दोन वेळा चूल पेटायची.

होळीला मच्छिंद्र घरी आला, तो वळकटीत शर्ट बांधूनच. कुणाची कॉलर वाकडी, कुणाची बाही आखूड, असे बाजूला काढलेले. त्यानं ते लपवले नव्हते, दारावरच्या माणसानं वळकटी उघडून पाहिली नाही एवढंच. खळ्यावरची रास उचलली की खाली उरलेलं मातेरं झाडणाऱ्याचं, हे तो जन्मापासून पाहत आला होता. त्यासाठी मालकाला विचारायची रीतच नव्हती. आणि कारखाना झाडायचं काम त्याच्याचकडे होतं.

"आपलं मातेरं हाय," म्हणत त्यानं खडीच्या कामावरच्या उघड्या पोरांना शर्ट वाटले. पोरांच्या गुडघ्याखाली ते लोंबायचे आणि पोरं राजासारखी हिंडायची. एक शर्ट चांगुणानं त्याच्यासाठी पेटीत ठेवला, टाचण्यासुद्धा न काढता.

मच्छिंद्र परत गेला. वैशाखात शेजारचा बन्सी खडीच्या ढिगावर बसल्या बसल्या ऊन लागून गेला. मेल्या माणसाला कोरं कापड लागतं. त्याच्या बायकोच्या, साळूबाईच्या घरात कोरं कुठलं, धड फडकंही नव्हतं. चांगुणानं पेटी उघडली आणि एकेक टाचणी काढली. जन्मभर ठिगळं लावून हिंडलेला बन्सी परदेशी कापडाचा कोरा शर्ट घालून सरणावर चढला. काय म्हणावं असल्या नशिबाला!

पंधरवड्यानं आबासाहेबांची जीप खडीच्या कामावर येऊन थांबली. शेजारी मच्छिंद्र होता, मान खाली घालून.

"चांगुणा, तिथं मातेरं बी मोजत्यात," आबासाहेब म्हणाले. "कापड किती आलं, शर्ट किती गेले, खराब किती निघाले, समदं कस्टमच्या सायबाकडं असतं. मोजनी आठ दिवसांवर आलीया. शर्ट परत मिळाले तर मी निभावून नेतो. न्हाई तर कारखान्याला कुलूप, आन् समदी मान्सं हितं खडी फोडायला."

मग चांगुणाच पोरापोराकडे गेली. मायलेकरांच्या नजरेला तिला नजर देववेना. एक पोरगं दोन्ही हातांनी शर्ट आवळून बसलं, त्याची बोटं तिनं एकेक करून सोडवली. त्या वेळी तिला स्वतःची जेवढी शिसारी आली, तेवढी पुढं कधी कुणाचीच आली नाही.

आबासाहेबांनी गठ्ठा मोजला. एक कमी भरला.

"त्यो घरी पेटीत हाय," मच्छिंद्र चटकन म्हणाला.

चांगुणा हलली नाही. "आबासाहेब, ह्ये शर्ट नेऊन काय करनार तिथं?"

"काय करनार? जाळनार. खराब माल सायबापुढं जाळायचा, असा कायदाच हाय."

"मंग त्यो जळालाच की. बन्सीभावजींच्या अंगावर गेला."

पलीकडे साळूबाई घण घेऊन उभी होती. आबासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. माणूस वाईट नव्हता, पण बाकीच्या अकरा घरांच्या चुली त्याच्या डोक्यावर होत्या. ते म्हणाले, "तुझं खरं हाय, पोरी. पर तवा सायेब न्हवता ना तिथं."

एक शर्ट कमी म्हणजे कुणीतरी चोर ठरणारच होता, आणि तो कारखाना ठरू नये तर एका माणसाचं नाव सांगावं लागणार होतं. मच्छिंद्रला ते कळलं. त्यानं गठ्ठा उचलून जीपमध्ये टाकला आणि आपणही आत बसला. "समदे मीच न्हेले, असं सांगा," तो आबासाहेबांना म्हणाला.

चांगुणा जीपला धरून उभी राहिली.

"बन्सीला बरा बसला का गं?" त्यानं विचारलं.

"बसला," ती म्हणाली. "कॉलर तेवढी वाकडी हुती."